बिनगिअरच्या सायकलवर घाट चढताना

बिनगिअरच्या सायकलवर घाट चढायचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो तो ताकदीचा. मांड्या भरलेल्या हव्यात, दम हवा, वय कमी हवं. हे सगळं असलं तर बरंच, पण खरी मेख दुसरीकडे आहे. तुमच्या सायकलचं पायडल एकदा पूर्ण फिरलं की सायकल किती मीटर पुढे जाते, हा एक आकडा कळला तर कुठला चढ बसून निघेल, कुठे उभं राहावं लागेल आणि कुठे खाली उतरणंच शहाणपणाचं, हे घरी बसून बऱ्यापैकी सांगता येतं.

आकडा काढायला हिशेब लागत नाही. सपाट जागी सायकल उभी करा आणि मागच्या टायरच्या व्हॉल्वखाली जमिनीवर खडूची खूण करा. आता सायकल मागे ढकला. पुढे ढकललीत तर फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचं दातेरी चक्र, टिकटिक करत राहील आणि पायडल जागचं हलणार नाही, पण मागे ढकलली की पायडलही सोबत फिरतं. पायडलची एक फेरी पुरी झाली की थांबा, दुसरी खूण करा आणि टेपने अंतर मोजा. आपल्याकडच्या उभ्या, काळ्या, मोठ्या चाकाच्या सायकलींना बहुधा पुढे ४४ दात्यांचं चक्र आणि मागे १८ दात्यांचं फ्रीव्हील असतं. म्हणजे पायडल एकदा फिरलं की मागचं चाक २.४४ वेळा फिरतं. चाकाचा घेर साधारण २.२ मीटर, म्हणून एका फेरीत सायकल जाते सुमारे ५.४ मीटर.

सपाटीसाठी हा आकडा फार विचारपूर्वक बेतलेला आहे. मिनिटाला ६० फेऱ्या, म्हणजे आरामाची लय, मारल्या तर ताशी १९ किलोमीटरच्या वर वेग मिळतो. बाजार, शेत, शाळा, गिरणी, सगळं त्यात बसतं. अडचण सुरू होते ती रस्ता वर चढायला लागला की.

चढ टक्क्यांत मोजतात. शंभर मीटर पुढे गेल्यावर सात मीटर वर आलात तर चढ ७ टक्के. डोळ्यांना सात टक्के फार वाटत नाहीत, पायांना वाटतात. आपल्या डोंगरी भागातले मोठे रस्ते ट्रक आणि एसटीचा विचार करून आखलेले असतात, त्यामुळे ते शक्यतो ५-६ टक्क्यांच्या आसपास ठेवतात आणि जास्तीचा चढ थोड्या टप्प्यापुरताच येऊ देतात. गावात शिरणारे आणि गडावर जाणारे रस्ते एवढे सौम्य नसतात. सिंहगडाचा गोळेवाडीहून वर जाणारा रस्ता घ्या. साधारण नऊ किलोमीटरमध्ये तो सहाशे मीटरच्या आसपास उंची गाठतो, म्हणजे सरासरीच ७ टक्क्यांच्या जवळ. सरासरी सात म्हटल्यावर मधले काही तुकडे दहाच्याही वर जाणार, हे ओघानंच आलं. रेल्वेशी तुलना केली तर सायकल काय करते ते नीट लक्षात येतं. १८६३ साली बोरघाटात रेल्वे गेली, ती ३७ मीटरला एक मीटर या चढाने. टक्क्यांत सांगायचं तर पावणेतीनही नाही, आणि तेवढ्यासाठी गाडीला जादा इंजिनं जोडावी लागतात.

आता सायकलवर येऊ. माणूस ६५ किलोचा, सायकल २२ किलोची, एकूण ८७. सात टक्के चढावर या वजनाचा सात टक्के भाग, म्हणजे सुमारे सहा किलो, सायकलला सतत मागे खेचत असतो. टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाचा थोडा भाग त्यात मिळवा, की झाले पावणेसात. एवढ्याशा वजनाने माणूस का थकावा?

कारण हे वजन आपण चाकावर ढकलत नाही, पायडलवर ढकलतो. पायडलचा क्रँक, म्हणजे पायडल ज्याच्या टोकाला असतं तो दांडा, साधारण १७ सेंटिमीटर लांब, म्हणजे एका फेरीत पाऊल फिरतं जेमतेम १.०७ मीटर. तेवढ्यात सायकल जाते ५.४ मीटर. पाऊल एक मीटर हलतं तेव्हा सायकल पाच मीटर जाते, आणि अंतर पाचपट मिळवायचं तर जोरही पाचपट द्यावा लागतो. पावणेसात किलोचे झाले सुमारे ३४ किलो, तेही सरासरी. पायडल अगदी वर किंवा अगदी खाली असताना पाय कितीही दाबला तरी जोर जवळजवळ लागतच नाही. सगळं काम होतं ते पायडल पुढे, जमिनीला समांतर आलेलं असताना. त्यामुळे त्या क्षणी लागणारा जोर सरासरीच्या दीडपटीहून जरा जास्तच, म्हणजे ५४ किलोच्या घरात जातो. ६५ किलोचा माणूस ५४ किलो कशाने देणार? सीटवर बसून शरीराचं बरंच वजन सीटने उचललेलं असतं. म्हणून तो आपसूक उभा राहतो.

हाच हिशेब वेगवेगळ्या चढांना लावून बघा. तीन टक्क्यांवर कमाल जोर २५ किलोच्या आसपास येतो, बसून गप्पा मारत निघतो. पाच टक्क्यांवर ४० किलो. बसून जमतं, पण मन लावावं लागतं. सात टक्क्यांवर उभं राहणं आलंच. दहा टक्क्यांवर हा आकडा ७० च्या वर जातो, म्हणजे त्या माणसाच्या पूर्ण वजनापेक्षाही जास्त. तिथे नुसतं पायडलवर उभं राहून सायकल हलणारच नाही, हातांनी हँडल वर खेचून जास्तीचा जोर पायांत उतरवावा लागतो. घाटात सायकलवाल्याचे खांदे आणि दंड का दुखतात, त्याचं उत्तर इथे आहे.

इथवर वेगाचा उल्लेखच आला नाही, आणि तो मुद्दाम टाळला. लागणारा जोर वेगावर अवलंबून नसतो. सावकाश चढा नाहीतर जोरात, प्रत्येक फेरीला पाय तेवढाच दाबायचा. वेगाचा संबंध येतो तो दमाशी. वरच्याच उदाहरणात सात टक्क्यांवर मिनिटाला ४० फेऱ्या मारल्या तर ताशी १३ किलोमीटर वेग येतो आणि शरीराला अंदाजे २५० वॅट काम करावं लागतं. सराव नसलेला निरोगी माणूस तासभर १०० ते १५० वॅट टिकवू शकतो. २५० त्याला दोन-चार मिनिटं जमेल, पुढे छाती भरून येईल. मग वेग कमी करावा, तर ३० फेऱ्यांवर १९० वॅट, २० फेऱ्यांवर सव्वाशे. दमाला सव्वाशे परवडतात, पण मिनिटाला २० फेऱ्या म्हणजे एका फेरीला तीन सेकंद. पायडल वर-खाली येतं तो निर्जोर क्षण आता लांबतो. सपाटीवर त्या क्षणात सायकल स्वतःच्या वेगाने निघून जाते, चढावर मात्र गुरुत्व तेवढ्यात वेग खाऊन टाकतं. सायकल अडखळते, हँडल डुलतं, आणि पुढच्या फेरीला थांबल्यासारख्या सायकलला पुन्हा ओढून काढावं लागतं.

बिनगिअरच्या सायकलवाल्याची कोंडी ही अशी आहे. जोरात जावं तर दम पुरत नाही, सावकाश जावं तर पायडल फिरत नाही. ज्याला आपण कमी ताकदीचा म्हणतो तो पुष्कळदा या दोन भिंतींमध्ये अडकलेला असतो, आणि त्याच्या मागे गिअरच्या सायकलवर तोच चढ चढणारा माणूस त्याच्यापेक्षा बळकट असतोच असं नाही. त्याच्या सायकलला सगळ्यात हलका गिअर टाकला की एका फेरीत ती जेमतेम सव्वादोन मीटर जाते. पायावर सरासरी चौदा किलो येतात, मिनिटाला ६० फेऱ्या आरामात बसतात आणि तो ताशी आठ किलोमीटरने, दीडशे वॅटच्या आसपास वर पोचतो. वर पोचायला लागणारं एकूण काम दोघांचं जवळपास सारखंच. गिअर काम कमी करत नाही, त्याच कामाचे छोटे तुकडे पाडून देतो. हे एकदा पटलं की स्वतःला दोष देणं थांबतं आणि काय करता येईल याकडे लक्ष जातं.

करता येण्यासारखं बरंच आहे. सगळ्यात आधी सीट. आपल्याकडे सीट खाली ठेवायची सवय फार आहे, पाय जमिनीला टेकावेत म्हणून. सीट खाली असली की गुडघा पूर्ण उलगडत नाही, मांडीचा बराच जोर वाया जातो आणि वाकलेल्या गुडघ्यावर तो सगळा दाब येतो. भिंतीला धरून सायकलवर बसा, टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना पंजा पायडलवर आला की गुडघ्याला हवी तेवढीच बाक राहते. एवढा एक बदल, एक पाना आणि पाच मिनिटं. घाटाच्या तयारीत याच्याएवढं स्वस्त आणि उपयोगी दुसरं काही मला माहीत नाही.

मग टायरमधली हवा, तेल दिलेली चेन, आणि कॉटर पिन. साध्या सायकलचा क्रँक एका तिरक्या पिनेने आसावर घट्ट बसवलेला असतो. उभं राहून चढताना सगळा भार त्या पिनेवर येतो. ती सैल झाली तर प्रत्येक फेरीला एकाच जागी ‘टक्’ असा आवाज येतो आणि पायाखाली किंचित पोकळी जाणवते. तसा आवाज आला की घाट सुरू करायच्या आधी ती ठोकून नट आवळून घ्या. सैल पिनेवर तसंच चढत राहिलं तर पिन झिजते आणि क्रँकचं भोकही पसरतं.

वेग घेऊन चढ मारायचा, हा सल्ला सगळे देतात. तो कितपत खरा आहे? ताशी २५ किलोमीटर वेगाने येणारी सायकल त्या वेगाच्या जिवावर फार तर अडीच मीटर उंची चढते. त्यात तुमचं वजन किती याने फरक पडत नाही. पाच टक्के चढावर अडीच मीटर म्हणजे पन्नास मीटर रस्ता. कोकणातल्या रस्त्यांवर हे सोनं आहे. तिथे रस्ता ओढ्यावरच्या पुलाकडे उतरतो आणि पलीकडे लगेच चढतो, असं दिवसभर चालू असतं. उतारावर ब्रेक न दाबता, अर्थात पूल मोकळा दिसत असेल तरच, पलीकडचा निम्मा चढ फुकट मिळतो. शहरातल्या उड्डाणपुलांचंही तेच. नऊ किलोमीटरच्या घाटात मात्र पहिल्या पन्नास मीटरसाठी जीव काढून वेग घेणं म्हणजे उरलेल्या रस्त्याचा दम तिथेच उधळणं. लांब घाट सुरुवातीपासून हळू चढावा. शेजारच्याशी दोन वाक्यं धाप न लागता बोलता येतायत का, हे अधूनमधून तपासावं.

उभं राहून चढण्याचीही एक रीत आहे. पायडलवर उडी मारल्यासारखं पडायचं नाही. एका पायावर शरीर सावकाश सोडायचं आणि त्याच वेळी त्याच बाजूच्या हाताने हँडल वर ओढायचं, की सायकल हलकेच दुसऱ्या बाजूला झुकते. लय लागली की ती आपसूक डावी-उजवी होत राहते. हँडल आपल्याकडे वळलेलं असलेल्या जुन्या सायकलींवर उभं राहिल्यावर गुडघे हँडलला लागतात, म्हणून तिथे सीटच्या मागच्या टोकाला सरकून, दोन्ही हातांनी हँडल खेचत बसून चढणं अनेकांना बरं पडतं. पावसाळ्यात दगडी कडेला शेवाळ धरलेलं असतं, रस्त्यावर खडी वाहून आलेली असते. अशा जागी उभं राहून फार पुढे झुकलात तर मागच्या चाकावरचं वजन उठतं आणि ते जागच्या जागी फिरतं. तिथे बसूनच जा.

वळणांकडे बारकाईने बघायला शिका. घाटातल्या उलट्या वळणात आतली कड सगळ्यात उभी असते, बाहेरची कड बरीच सौम्य, कारण तेवढीच उंची बाहेरून लांबच्या वाटेने चढायची असते. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे चढताना उजवं वळण आपल्याला बाहेरून, सौम्य मिळतं आणि डावं वळण आतून, अगदी अंगावर येतं. डाव्या वळणाच्या वीस-तीस मीटर आधी थोडा श्वास राखून ठेवायचा. रस्ता पूर्ण रिकामा असेल आणि वळणापलीकडचं दिसत असेल तर थोडं मधून जाता येतं. दिसत नसेल तर अजिबात नाही. हीच गोष्ट नागमोडी चढण्याची. रस्त्याला तिरकं गेलं की चढ खरोखर कमी होतो, पण अंतर वाढतं आणि अख्खा रस्ता लागतो. गावातल्या मोकळ्या चढावर ठीक, घाटात वाहनांमध्ये हे करणं जिवावरचं आहे. तीच गोष्ट ट्रकच्या मागच्या साखळीला धरून चढण्याची. मुलं करतात, त्यांना थांबवलं पाहिजे.

मधेच थांबलात तर पुन्हा निघणं हे सगळ्यात अवघड काम. ज्या पायाने सुरुवात करायची त्याचं पायडल उलटं फिरवून पुढे, समांतरपेक्षा जरा वर आणून ठेवा. मागून काही येत नाही हे बघा. सायकल चढाला किंचित तिरकी करा, ब्रेक दाबूनच ठेवा, आणि पहिला पूर्ण दाब देताना ब्रेक सोडा. पहिल्या अर्ध्या फेरीत दुसरं पाऊल पायडलवर आलं नाही तर पुन्हा थांबणार, म्हणून शक्यतो वळणाच्या बाहेरच्या कडेला, जिथे दोन-चार मीटर बरी जागा असते, तिथेच थांबावं.

आणि उतरणं. सायकलवरून उतरून ती ढकलत नेण्यात लोकांना कमीपणा का वाटतो ते मला कधी समजलेलं नाही. ताशी सहा-सात किलोमीटरच्या खाली वेग गेला की सायकलवर बसून राहण्याचा फायदा संपतो. ढकलत चाललात तर ताशी चार किलोमीटर होतात, गुडघे वाचतात, पाठ मोकळी होते, आणि वरच्या सौम्य तुकड्यावर पुन्हा बसायला अंगात काही शिल्लक राहतं. बिनगिअरच्या सायकलचा दुसरा गिअर म्हणजे आपले पाय. जगातल्या सगळ्यात कठीण सायकल शर्यतीतल्या लोकांनीही हा गिअर वापरलेला आहे. १९१० साली टूर द फ्रान्सचा मार्ग पहिल्यांदा पिरनीज पर्वतातल्या मोठ्या घाटांवरून नेला, त्यात २,११५ मीटर उंचीचा तूरमाले होता. रस्ते कच्चे, सायकली जड आणि चालवताना बदलता न येणाऱ्या गिअरच्या. त्या वर्षीची अख्खी शर्यत जिंकणारा ऑक्ताव लापीझसुद्धा काही चढांवर सायकल ढकलत चालला. तूरमाले न उतरता चढणाऱ्या गुस्ताव गारिगूला वेगळं बक्षीस दिलं गेलं. एवढी ती अपवादाची गोष्ट होती.

गिअर बदलण्याची साधनं तेव्हा नव्हती असं नाही. १९०२ मध्ये मार्थ एस नावाच्या बाईने तीन गिअरच्या सायकलवर डोंगरी मार्गावर एका नामांकित शर्यतपटूला मागे टाकलं होतं. टूरचे संचालक आँरी देग्रांज यांना मात्र हे रुचत नव्हतं. बदलते गिअर पंचेचाळिशीच्या पुढच्यांसाठी, असं त्यांचं मत होतं, आणि त्यांच्या शर्यतीत चेन सरकवून बदलायचे गिअर सगळ्यांना खुले झाले ते थेट १९३७ मध्ये. तोवर शर्यतपटूंनी एक साधी युक्ती चालवली. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रं बसवायची, घाटाच्या पायथ्याशी उतरून चाक काढायचं, उलटं फिरवून लावायचं आणि मोठ्या चक्रावर घाट चढायचा. माथ्यावर पुन्हा उतरून चाक फिरवायचं. आपल्याकडच्या मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिल्यांदा गाठणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. आजचे शर्यतपटू तिथे हाताशी वीसेक गिअर घेऊन येतात. त्या जुन्या लोकांकडे दोनच होते, आणि एकातून दुसऱ्यात जायला पाना लागायचा.

त्यांची युक्ती आपल्या कामाची आहे, आणि आपल्याला रोज चाक फिरवायचीही गरज नाही. घर डोंगराच्या बाजूला असेल, येता-जाता चढ असेल, तर मागचं १८ दात्यांचं फ्रीव्हील काढून २२ चं बसवा. एका फेरीत सायकल ५.४ ऐवजी ४.४ मीटर जाईल. सात टक्क्यांवर कमाल जोर ५४ वरून ४४-४५ किलोवर येतो. म्हणजे सात टक्क्यांचा चढ पायांना साडेपाच टक्क्यांच्या आसपासचा वाटतो. बदल्यात सपाटीवर तेवढ्याच लयीत वेग १९ वरून १६ वर उतरतो. बाजाराला दोन मिनिटं उशिरा पोचाल, एवढंच. हा सौदा मी कधीही करेन.

काम दुकानात होतं, कारण फ्रीव्हील चढताना आपल्याच जोराने आट्यांवर घट्ट बसत जातं आणि ते सोडवायला खास पुली आणि मोठा पाना लागतो. पण दुकानात काय सांगायचं ते माहीत असावं. मागे चार दाते वाढवले की चेनला बरोबर एक इंच, म्हणजे एक आतली आणि एक बाहेरची अशी कड्यांची एक जोडी वाढवावी लागते, आणि चाक पूर्वीच्याच जागी बसतं. दोनच दाते वाढवून २० चं लावलं तर चेनला हात लावावा लागत नाही, मागचं चाक खाचेत सहा-सात मिलिमीटर पुढे सरकवलं की झालं. पुढच्या बाजूला तेवढी खाच शिल्लक आहे ना, हे आधी बघून घ्या. बसवून झाल्यावर चेन मधोमध बोटाने दाबून पाहायची, साधारण अर्धा इंच हलली पाहिजे. ताठ बसवली तर ती चढावर कुरकुरते, सैल ठेवली तर नेमकी उभं राहून जोर लावताना उतरते आणि माणूस दांडीवर आपटतो.

हे सगळं मला ज्यांच्यासाठी सांगावंसं वाटतं ती घाटात हौसेने जाणारी मंडळी नाहीत. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात. फार मोलाची गोष्ट आहे ती, कारण शाळा लांब म्हणून सुटणं हे मुलींच्याच वाट्याला आधी येतं. पण त्यातले कितीतरी तालुके डोंगराळ आहेत. हिशेब करून बघा. मुलगी ४० किलोची, सायकल १८ किलोची, दप्तर आणि डबा ५ किलो. चाक थोडं लहान, गिअर ४४-१८ धरला तर एका फेरीत पाच मीटर. आठ टक्क्यांच्या चढावर तिला कमाल जोर लागतो ४२ किलोच्या आसपास, म्हणजे तिच्या स्वतःच्या वजनाहून जास्त. ६५ किलोच्या माणसाला जो चढ उभं राहून निघतो, तोच तिला निघत नाही, आणि यात तिची काही कमतरता नाही. सायकल आणि दप्तराचं वजन तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक आहे, मोठ्या माणसाच्या बाबतीत ते एक तृतीयांश असतं. हलक्या माणसाला साधी सायकल जड पडते ती अशी. मागे २२ दाते लावले तर तोच जोर ३५ च्या खाली येतो आणि ती चढून जाते. ‘काका, मागे बावीसचं लावून द्या आणि सीट वर घ्या’, एवढं सायकलवाल्याला सांगायला घरातलं कुणीतरी मोठं माणूस तिच्यासोबत गेलं तरी पुरे.

आता उतार. चढताना फार तर माणूस दमतो, अपघात होतात ते उतरताना. सिंहगडाच्या माथ्यावरून खाली येताना त्या ८७ किलोंनी कमावलेली सहाशे मीटरची सगळी उंची कुठेतरी जिरवावी लागते. ती ऊर्जा एवढी आहे की तिच्यावर दीड लिटर पाणी उकळेल. त्यातला काही भाग वारा घेतो, उरलेला ब्रेकचे रबर आणि रिम यांनाच घ्यावा लागतो. साध्या सायकलचे सळईचे ब्रेक स्टीलच्या रिमवर चालतात. कोरड्यात ते बऱ्यापैकी धरतात, पण रिम ओली झाली की पकड फार कमी होते, आणि घाटात पाऊस नसला तरी धुकं आणि दव असतंच. म्हणून माथ्यापासूनच हळू. वेग एकदा वाढल्यावर आवरू म्हणायचं नाही. दोन्ही ब्रेक थोडा वेळ दाबायचे, थोडा वेळ सोडायचे, रिमला गार व्हायला उसंत द्यायची, वळणाच्या आधीच वेग उतरवायचा आणि वळणात ब्रेक न दाबता जायचं. पायडल मारायची गरज नाही. ताशी ४० ला पायडल जुळवून घ्यायचं तर मिनिटाला सव्वाशेच्या आसपास फेऱ्या लागतील, त्यात तोल जातो. दोन्ही पायडल समांतर ठेवून, सीटवरून किंचित उठून या, म्हणजे खड्ड्याचा धक्का गुडघे घेतील. वळणात बाहेरच्या बाजूचं पायडल खाली ठेवा.

ज्या सायकलींना फ्रीव्हीलच नसतं, चाक फिरतं तोवर पायडल फिरतच राहतं, त्या शहरात हौसेने चालवणारी मुलं आता दिसतात. सपाटीवर ती सायकल सुंदर चालते. घाटाच्या उतारावर मात्र पाय थांबवायची सोयच नाही, आणि पुढे एकच ब्रेक असेल तर ती घाटात नेऊ नये.

माथ्यावर पोचलात की पाणी पिताना एक काम करून घ्या. सायकलच्या बाजूला, पुढे तोंड करून उभे राहा, पुढचा ब्रेक पूर्ण दाबा आणि सायकल जोराने पुढे ढकला. चाक जागचं हलता कामा नये. मग मागचा ब्रेक तसाच तपासा, मागचं चाक फिरण्याऐवजी घसरलं पाहिजे. रबर झिजून धातू दिसतोय का, सळयांच्या जोडावरचे नट सैल आहेत का, पुढच्या चाकाचे दोन्ही नट घट्ट आहेत का, ते हाताने चाचपून घ्या. यातलं काही बरोबर नसेल आणि पाना जवळ नसेल, तर जसा तीव्र चढ पायी चढलात तसा उतारही सायकल हातात धरून पायीच उतरा.